काटा वर येईना

माझी गाडी फार थंड चालते, अशी तक्रार भिलाईत केली तर माणसं आधी हसतात. इथे मार्च संपता संपता रस्त्याचं डांबर मऊ पडतं. मेच्या दुपारी पॉवर हाऊसच्या बाजूला बोनट उघडून, वाफा सोडत उभी असलेली एखादी तरी गाडी दिसतेच. गाडी तापली, पाणी उकळलं, इंजिन बसलं, हे आमच्याकडचे आजार. थंडपणा हाही आजार असू शकतो हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

म्हणून डिसेंबरातल्या एका सकाळी कौशल्याकाकू म्हणाल्या, "प्रांजली, माह्या गाडीले थंडी भरली," तेव्हा मीही हसले होते.

कौशल्या कापगते. साठीला टेकलेली, बुटकी, दणकट बाई. अंगावर साडी, साडीवर नवऱ्याचा जुना स्टील प्लांटचा स्वेटर आणि पायात कॅनव्हासचे बूट, हा त्यांचा हिवाळ्यातला वेश. सेक्टर दोनच्या त्यांच्या क्वार्टरसमोर एक पांढरी छोटी गाडी उभी असते. तिच्या दारावर लाल अक्षरांत लिहिलंय, 'कौशल्या मोटर ट्रेनिंग, फक्त महिलांसाठी'.

साकोलीजवळच्या खेड्यातून त्या लग्न होऊन इथे आल्या तेव्हा सायकलसुद्धा येत नव्हती. नवरा, म्हणजे दयारामकाका, प्लांटमध्ये नोकरीला, आणि काकू घरी बसून राहणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी एकट्या राहणाऱ्या पोरांसाठी डबे सुरू केले. डबे पोचवायला सायकल शिकल्या, डबे वाढले तशी लुना घेतली. एकदा मरोद्याच्या रस्त्यावर गिट्टीवरून लुना घसरली, वरण-भात रस्त्यावर आणि काकूंचा हात गळ्यात. प्लास्टर निघाल्यावर त्या तडक एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेल्या. तिथला मास्तर पहिल्याच दिवशी क्लचवरून इतका ओरडला की काकूंनी भर चौकात गाडी थांबवली, किल्ली काढून त्याच्या मांडीवर ठेवली आणि पायी घरी आल्या.

मग त्यांना गाडी शिकवली भैयालालने. भिलाई-3 मध्ये त्याचं गॅरेज आहे. काकूंचा डबा त्याच्याकडे जायचा. त्या म्हणाल्या, मी तुला डबा देते, तू मला गाडी दे. भैयालालने गिऱ्हाइकांच्या दुरुस्त झालेल्या गाड्यांवर त्यांना शिकवलं, आणि तो ओरडला नाही. पुढे स्वतःचं लायसन्स, मग शिकवायचा परवाना, एक सेकंडहँड गाडी, आणि ती थकल्यावर भैयालालनेच शोधून दिलेली ही जुनी पांढरी गाडी. पाच बायकांना शिकवून सुरू झालेलं त्यांचं काम आता कुणाला सांगावं लागत नाही.

मी पोस्टात काउंटरवर बसते. आईचे गुडघे गेल्यापासून तिला दवाखान्यात न्यायला रिक्षा शोधायचा कंटाळा आला, म्हणून गाडी शिकायचं ठरवलं. आमच्या सकाळच्या बॅचमध्ये तिघी होतो. मी, कॉलेजात जाणारी ऐश्वर्या आणि बालवाडीत शिकवणाऱ्या रमाताई. रमाताई आमच्यात सगळ्यांत घाबरट आणि सगळ्यांत नेटाच्या. स्टिअरिंगला हात लावण्याआधी त्या नमस्कार करायच्या.

काकूंच्या प्रत्येक बॅचचा शेवटचा धडा भिलाईत होत नाही. "इथं चढ म्हणजे ओव्हरब्रिज," त्या म्हणतात. "तेवढ्यावर चढ शिकता येते का?" म्हणून बायकांच्या हाती लायसन्स आलं की त्या सगळ्यांना घेऊन कवर्ध्याच्या पुढे चिल्फी घाटात जातात. घाट जिने तिने आपापला चढवायचा, मग ती शिकली. ही गाडी घेतल्यानंतरची आमची पहिली हिवाळी बॅच होती, आणि आमचा घाट जानेवारीत ठरला होता.

डिसेंबरात धुकं पडायला लागलं, तसं गाडीचं रडगाणं सुरू झालं. सकाळी सुरू केली की ती बराच वेळ गुरगुरत राहायची, गियर टाकला की हिसके द्यायची. मागच्या नळीतून काळा धूर आणि पेट्रोलचा वास. पेट्रोल तर ती ताकासारखं प्यायची. हीटर लावला की पायांवर फ्रिज उघडल्यासारखा वारा. आणि समोर, वेगाच्या काट्याशेजारी असतो तो इंजिनच्या तापाचा छोटा काटा, तो तळाशी पडून. तासभर गाडी चालवली तरी उठायचं नाव नाही.

त्या सकाळी मरोद्याच्या रस्त्यावर रमाताई चालवत होत्या. चौघींच्या श्वासांनी समोरची काच आतून पांढरी झाली होती. हीटर असून नसल्यासारखा. ऐश्वर्या मागून वाकून ओढणीने काच पुसत होती. तिने पुसलेल्या वितभर जागेत एकाएकी दुधाचे कॅन लावलेली सायकल दिसली. काकूंच्या पायाशी मास्तराचा वेगळा ब्रेक असतो, तो त्यांनी दाबला. सायकलवाला एक शिवी देऊन निघून गेला. कुणाला काही झालं नाही. पण रमाताईंनी गाडी बंद केली. त्या खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "मले नाई शिकायचं, काकू. माह्याच्यानं होत नाई."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

काकू मला म्हणाल्या, "चूक तिची नाई, गाडीची आहे. आन् मी तिले हे तोंडानं नाई सांगणार, गाडी बरी करून दाखवणार."

भैयालालकडे मीही सोबत गेले. पन्नाशीचा, डोळ्यांवर जाड चष्मा, बोलताना हसणारा माणूस. काकूंनी सगळं सांगितलं. तो हसतच राहिला.

"दीदी, ठंडा है तो भगवान का नाम लो. यहाँ लोग उबलता इंजन लेके रोते हुए आते हैं."

"आन् हिटर? पेट्रोल?"

"पुरानी गाड़ी है. और काँटे का क्या भरोसा? काँटा झूठ बोलता होगा."

हे काकूंना पटण्यासारखं होतं. काटा खोटा असू शकतो. भैयालालने काट्याला इंजिनचा ताप कळवणारा सेन्सर बदलला. घरी येईपर्यंत काकूंनी हीटरच्या जाळीवर हात धरून ठेवला होता. काटा तळाशीच, वारा गारच.

"काटा खोटा असता तं वारा गरम आला असता," त्या म्हणाल्या. "दोघं मिळून खोटं बोलत नाईत."

तेवढ्यात काकूंच्या मुलाचा, गोलूचा, हैदराबादहून फोन आला. त्याला आईची काळजी. त्याने सांगितलं, हायवेवर एक मोठं गॅरेज झालंय, तिथे दाखव. काकू मला घेऊन गेल्या. तिथल्या माणसाने तेल भरायचं झाकण उघडून आमच्यासमोर धरलं. झाकणाच्या आतून पिवळट पांढरा थर बसला होता, थेट लोण्यासारखा.

"मॅडम, ऑइल में पानी मिल गया है. गॅस्केट गया. इंजन खोलना पड़ेगा."

गॅस्केट, म्हणजे पाणी आणि तेल वेगळं ठेवणारी चपटी पट्टी, बदलायला इंजिन खोलायचं म्हणजे महिना दोन महिने गाडी बंद, बॅच बंद, आणि खर्च असा की त्यापेक्षा दुसरी गाडी घ्यावी. काकूंचा चेहरा उतरला. मी तो तसा कधी पाहिला नव्हता. पण त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. त्या बोनटमध्ये वाकल्या आणि कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, बाटलीकडे बघत राहिल्या. बाटलीवर एक लाल टिकली चिकटवलेली होती.

"ही मी दिवाळीत लावली," त्या म्हणाल्या. "पाणी कुठवर आहे ते ध्यानात राहाव म्हणून. पाह, पाणी टिकलीलेच आहे. तेलात पाणी गेलं असतं तं इथलं कमी झालं असतं ना?"

त्या माणसाने खांदे उडवले. "खोलने पर ही पता चलेगा, मॅडम."

काकूंनी तेलाची पट्टी बाहेर काढली, पदराच्या टोकाने नाही, त्यासाठी ठेवलेल्या फडक्याने पुसली, परत घालून काढली. पट्टीवरचं तेल काळं होतं, पण स्वच्छ. लोणी फक्त वर झाकणाला. त्यांनी किल्ली मागितली आणि गाडी काढली.

घरी दयारामकाका ओट्यावर वाटाणे सोलत बसले होते. त्यांचं सगळं आयुष्य प्लांटमध्ये भट्ट्यांभोवती पाणी फिरवण्यात गेलं. भट्टीच्या भिंतीतून पाणी फिरत राहिलं पाहिजे, थांबलं की भिंत गेली. थंड म्हणजे चांगलं, हे त्यांच्या रक्तात. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "अवं, थंडं आहे तं असू दे ना. काऊन जिवाले त्रास करून घेतं?"

काकू पाट ओढून खाली बसल्या. "तुमाले एक विचारतो. ओल्या लाकडावर भात ठेवला. जाळ मंद. लाकडं संपली, धूर झाला, घरभर डोळे चुरचुरले, आन् भात कच्चाच. तं चूल थंडी आहे म्हणून तुमी खूश होसान?"

काका वाटाणे सोलायचे थांबले.

"माह्या गाडीचं तेच होऊन राहिलं," काकू म्हणाल्या. "पेट्रोल जाते, धूर होते, भात शिजत नाई. आन् ते झाकणावरचं लोणी, ते गॅस्केट नाई. मी डबे करत होती तं थंडीत झाकणाले आतून पाणी सुटे. गरम भाताची वाफ गार झाकणाले लागली का थेंब. इंजिनातली वाफ उडून जायले पाहिजे, तेवढं इंजिन तापतच नाई. मंग ती वाफ तिथंच बसते आन् तेलात मिसळते."

काकांनी शांतपणे परात बाजूला सरकवली. "मंग तुह्या इंजिनले थंडं कोण करते ते शोध."

शोध मरोद्याच्या मोकळ्या मैदानात झाला. रविवार होता. मी, ऐश्वर्या, काकू, आणि आता उत्सुकता लागलेले काका. गाडी सुरू करून उभी ठेवली. आधी संशय पंख्यावर, कारण पाणी गार करणाऱ्या रेडिएटरचा पंखा सतत फिरत असला तर इंजिन तापणार कसं? काकांनी वाकून पाहिलं. पंखा गप्प उभा होता. पंखा संशयातून सुटला.

गाडी उभ्या उभ्या चालू राहिली. आणि मग ऐश्वर्या ओरडली, "काकू, काँटा! काँटा ऊपर आ रहा है!"

खरंच काटा तळापासून सुटला होता. हळूहळू, म्हाताऱ्या माणसाने जिना चढावा तसा तो वर येत होता. काकूंनी लगेच गियर टाकला आणि मैदानाला फेऱ्या मारायला लागल्या. दोन-तीन फेऱ्यांत काटा पुन्हा खाली. थांबल्या, की काही वेळाने वर. चालल्या, की खाली.

"उभी राहिली का तापते, चालली का गार होते," काकू म्हणाल्या. "म्हणजे वाऱ्यानं होऊन राहिलं."

काकूंनी डिकीतून पुठ्ठ्याचं खोकं काढलं, फाडून सपाट केलं आणि रेडिएटरच्या समोर खोचलं. आता वारा आत जाणार नव्हता. पुन्हा फेऱ्या. या वेळी गाडी चालत होती आणि काटाही चढत होता. हीटरमधून, पहिल्यांदाच, ऊब आली. ऐश्वर्याने दोन्ही हात जाळीवर ठेवून डोळे मिटले.

"आता पुठ्ठा लावूनच फिरायचं का?" मी विचारलं.

"नाई नाई. पुठ्ठा लावून घाट चढली तं इंजिन जळून जाईन. पुठ्ठ्यानं फक्त चोर दाखवला."

काका एवढा वेळ बोनटवर हात टेकून विचार करत होते. ते म्हणाले, "पाणी आधीपासूनच रेडिएटरमधून फिरून राहिलं. नाई फिरायले पाहिजे. आमच्याकडं पाणी फिरवाव तं लागे, पण कुठून फिरवाव तेबी पाहा लागे. इथं मधात एक दरवाजा असन. पाणी तापेपर्यंत तो बंद असाव, पाणी आतल्या आतच फिराव. तापलं का उघडाव. तुह्या गाडीचा दरवाजा उघडाच आहे."

तो दरवाजा म्हणजे थर्मोस्टॅट. काकूंना शब्द माहीत होता, पण तो उघडा आहे की नाही ते आत न बघता कसं कळणार? त्यांनीच उपाय काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर थंड पडलेली गाडी सुरू करण्याआधी त्यांनी मला रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या जाड रबरी पाइपवर हात ठेवायला लावला. पंखा आणि पट्टा कुठे आहेत ते दाखवून, ओढणी माझ्या कमरेला खोचून मगच.

"दरवाजा बंद असला तं पाइप गारच राहीन. बराच वेळ. मंग एकदम चटका बसन. आन् दरवाजा उघडा असला तं?"

"लगेच कोमट होईल."

"सांगत राय."

त्यांनी गाडी सुरू केली. पाइप आधी बर्फासारखा होता. आमचा चहासुद्धा निवला नसेल, आणि माझ्या तळव्याखाली तो कोमट व्हायला लागला. इंजिनबरोबरच, हळू, सारखा. चटका नाही, थांबणं नाही.

"कोमट!" मी ओरडले. "काकू, कोमट!"

काकूंनी गाडी बंद केली. बाहेर आल्या, स्वतः हात लावून पाहिला. मग त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि अख्ख्या लाइनीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सापडला!"

भैयालालच्या गॅरेजात गाडी निवू दिली आणि मग त्याने पाइपाच्या तोंडाशी असलेलं ॲल्युमिनियमचं झाकण खोललं. थर्मोस्टॅट तिथे बसलेला असतो. भैयालालने आत बघितलं. मग चष्मा काढून पुसून पुन्हा बघितलं. आत काहीच नव्हतं. अडकलेला, गंजलेला, मोडका, कसलाही दरवाजा नाही. नुसती रिकामी खाच.

"गायब!" काकू म्हणाल्या.

भैयालाल एकदम मोठ्याने हसायला लागला. फळीवरचा एक जुना रंगाचा डबा त्याने खाली काढला आणि टेबलावर ओतला. पितळी चकत्या, मध्ये स्प्रिंग, काही वाटीएवढ्या, काही त्याहून लहान. कितीतरी.

"सब थर्मोस्टेट हैं, दीदी. मैं ही निकालता हूँ. आपका भी मैंने ही निकाला होगा, जब वो डॉक्टर साहब की थी. गर्मी में उबल गई थी, याद आया."

मी वैतागलेच. काकू वैतागल्या नाहीत. "काऊन काढतं?"

त्याने सांगितलं. पूर्वी लोक रेडिएटरमध्ये बोअरचं खारं पाणी भरायचे. त्या पाण्याने हे दरवाजे गंजून बंदच राहायचे, आणि भर उन्हात इंजिन उकळून जायचं. माणूस रस्त्यात अडकायचा, बायका-मुलं गाडीत. काढून टाकला की पुन्हा कधी उकळायची नाही. भैयालालच्या उस्तादाने त्याला हेच शिकवलं होतं आणि त्याने किती इंजिनं त्यामुळे वाचवली होती, त्याची गणतीच नव्हती.

"बरोबर केलं होतं तू," काकू म्हणाल्या. "तवा बरोबर होतं. आता मी कूलंट टाकतो, टिकली लावून पाहतो. आता लाव वापस."

"दीदी, ये सब पुराने हैं. और नया लगाया, और घाट में बंद रह गया तो? उबल जाएगी. फिर मुझे मत बोलना."

"म्हणून तं लावायच्या आधी परीक्षा घेऊ."

त्यांनी गाडीच्या खाचेत एकेक चकती बसवून पाहिली. मापाला तीनच बसल्या. त्या फडक्यात गुंडाळल्या. भैयालालने "मैं भी आता हूँ" म्हणत शटर खाली ओढलं.

परीक्षा झाली काकूंच्या स्वयंपाकघरात. गॅसवर डब्यांच्या काळातलं मोठं पातेलं, त्यात पाणी. पळी आडवी ठेवून तिला दोऱ्याने तिन्ही चकत्या टांगल्या. दयारामकाकांनी एक काचेचा थर्मामीटर आणला. तो कुठून आणला ते कुणी विचारलं नाही. ऐश्वर्या मोबाइलवर चित्रण करत होती. चकत्यांच्या कडेवर बारीक आकडा कोरलेला होता, ब्याऐंशी. तेवढ्या तापाला उघडायचं.

पहिली चकती तर आधीपासूनच जराशी उघडी होती. काकूंनी ती चिमट्याने उचलून बाजूला ठेवली. "हे निलाजरी. दार उघडंच ठेवते."

पाणी तापत गेलं. साठ. सत्तर. पातेल्याच्या तळाला बारीक बुडबुडे चिकटले. खिडकीच्या काचा वाफेने धूसर झाल्या. काका आकडे वाचत होते, आणि त्यांचा आवाज ड्युटीवरच्या माणसाचा झाला होता.

"ऐंशी. एक्क्याऐंशी."

"हिल रहा है," भैयालाल पुटपुटला.

मधल्या चकतीचा तळ हळूच खाली सरकला. बारीक फट दिसली, मग रुंद झाली, आणि दार पूर्ण उघडलं. तिसरी मात्र हट्टी. पाणी खळखळून उकळलं तरी ढिम्म. "घाटात हे लावली असती तं गेलो असतो," काका म्हणाले.

काकूंनी गॅस बंद केला. पाणी निवायला लागलं. मधली चकती परत मिटली, घट्ट. त्यांनी पुन्हा गॅस लावला. पुन्हा त्याच आकड्याजवळ उघडली. पुन्हा निववलं, पुन्हा मिटली. चौथ्यांदा भैयालालनेच म्हटलं, "बस दीदी, पास हो गया. इतना इम्तहान तो मैंने भी नहीं दिया." आणि त्याने आपल्या हाताने ती चकती पुसून, फुंकर मारून खिशात घातली.

झाकणाखाली नवं गॅस्केट, नवं तेल, ताजं कूलंट. भैयालालने झाकण आवळलं, पाण्यात अडकलेली हवा काढली. काकूंनी गाडी सुरू केली, आणि मी न सांगताच वरच्या पाइपवर हात ठेवला. गार. गार. अजून गार. काटा वर येतोय असं काकू आतून सांगत होत्या आणि माझ्या हाताखाली पाइप अजून गारच होता. मग अचानक आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि मी चटका बसून हात मागे ओढला. भैयालाल, ऐश्वर्या आणि मी तिघेही एकदम ओरडलो. काकू स्टिअरिंगमागे टाळ्या वाजवत होत्या. काटा बरोबर मध्यावर येऊन थांबला होता.

त्याच संध्याकाळी काकू गाडी घेऊन रमाताईंच्या दारात गेल्या. रमाताई उंबऱ्याबाहेर येईनात. काकूंनी गाडीची काच खाली केली, हीटर पूर्ण लावला आणि म्हणाल्या, "आत बसू नको. फक्त हात घाल." रमाताईंनी अनवाणीच येऊन खिडकीतून हात घातला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग चपला घालून त्या ड्रायव्हरच्या जागेवर येऊन बसल्या, आणि नमस्कार केला.

जानेवारीत तिघींची लायसन्सं हातात आली आणि आम्ही घाटाला निघालो. बेमेतऱ्यापर्यंत ऐश्वर्या, कवर्ध्यापर्यंत मी. त्याच्या पुढे धुकं इतकं की झाडंही दिसेनात. रमाताई म्हणाल्या, "पयले घाट मी चढवतो." काकूंनी त्यांना जागा दिली आणि स्वतः ब्रेकवर पाय न ठेवता, मांडी घालून बसल्या. ते मी पाहिलं. रमाताईंनीही पाहिलं.

काच स्वच्छ होती. गरम वारा काचेवर खालून वर जात होता आणि धुकं बाहेरच राहत होतं. पहिलं वळण. दुसरा गियर. पुढे कोळशाचा ट्रक, त्याच्यामागे रखडत. माझं सगळं लक्ष काट्यावर. भैयालालचं 'उबल जाएगी' कानात होतं. चढ वाढत होता, इंजिन जोर लावत होतं, आणि काटा मध्याच्या जरा वर गेला. तो तिथे थांबला, आणि पुढच्या वळणावर परत मध्यावर आला. दार उघडत होतं, मिटत होतं, आपलं काम करत होतं.

एका उभ्या चढावर ट्रक थांबला. रमाताईंनाही थांबावं लागलं. मागे बसची रांग, हॉर्न. हाच तो धडा, ज्यासाठी इतक्या लांब येतात. रमाताईंनी हँडब्रेक ओढला, क्लच हळू सोडला, गाडीने नाक जरा उचललं, आणि हँडब्रेक सोडताच ती एक इंचही मागे न जाता पुढे सरकली. काकूंनी मांडी सोडलीच नव्हती.

वर पोचलो तेव्हा ऊन आलं होतं. टपरीसमोर गाडी थांबवून रमाताई उतरल्या, खाली दरीतल्या धुक्याकडे बघितलं आणि लहान मुलीसारख्या दोन्ही हात वर करून ओरडल्या. चहावाला दचकला. ऐश्वर्याने फोटो काढून भैयालालला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "उबली नहीं?" काकूंनी फोन लावला आणि त्याला म्हणाल्या, "नाई उबलली रे बाबा! आमी उबललो खुशीनं!"

भैयालाल आता थर्मोस्टॅट काढत नाही. काढायची वेळ आली तर दुसरा पारखून बसवायला काकूंकडे पातेलं मागायला येतो. हिवाळ्यात तर तो गिऱ्हाइकांनाच सेक्टर दोनचा पत्ता देतो. परवा मी काकूंकडे गेले, तर दारात एक अनोळखी जीप उभी होती. मालक बोनटपाशी ताटकळत होता. मला बघून त्याने विचारलं, "कापगते मॅडम यहीं रहती हैं? मेरी गाड़ी का काँटा ऊपर नहीं आता."

काकू आतून पिठाचे हात पुसत आल्या. स्वेटरच्या बाह्या वर सरकवल्या.

"गाड़ी कब से बंद है?" त्यांनी विचारलं.

"घंटा भर हो गया, मॅडम."

"और ठंडी होने दो. तब तक चहा पियो," काकू म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या, "प्रांजली, आपल्यासाठीबी ठेव."